चिलखत म्हणावं की उरस्त्राण?

११ मार्च १७९५ रोजी खर्ड्याच्या शिवारात पेशव्यांच्या आणि निजामाच्या फौजा भिडल्या. जामखेड तालुक्यातल्या या गावात त्या दिवसाच्या निमित्तानं शाळेत एक नाटुकलं बसवलंय आणि जोडीला छोटंसं प्रदर्शन मांडलंय, असं समजा. मुलांनी पुठ्ठ्याच्या तलवारी केल्या, ढाली रंगवल्या, सरदाराच्या छातीवर चढवायचा पोशाखही शिवून झाला. त्या पोशाखाखाली जी पट्टी चिकटवायची तिच्यावर कोणता शब्द लिहायचा, यावरून एका मामा-भाचीत वाद जुंपला. मामा संस्कृत आणि मराठी शिकवून निवृत्त झालेले. भाची पुण्यात ऐतिहासिक नाटकांचे पोशाख शिवते. दोघंही मी कल्पिलेली माणसं आहेत. त्यांचा वाद मात्र मराठीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. मला तो जिव्हाळ्याचा वाटतो. वस्तू हरवली की तिचं नावच मागं उरतं, आणि छातीवरच्या या लोखंडाची नावं आपण आता एकमेकांत कालवून टाकली आहेत.

मामा : उरस्त्राण लिही. उर म्हणजे छाती, त्राण म्हणजे रक्षण. शिरस्त्राण मुलांना ठाऊक आहे, पादत्राणं शाळेच्या दारात काढायला सांगतो आपण. त्याच ओळीतला शब्द आहे. कुणाला समजावून सांगायची गरज पडत नाही.

भाची : समजतो मामा, पण बोलतं कोण? पोरांच्या तोंडात चिलखत आहे. अफजलखानाच्या भेटीला महाराज गेले तेव्हा अंगरख्याच्या आत चिलखत होतं, हे चौथीतलं पोरगंही सांगेल. तिथं उरस्त्राण म्हटलं तर ते माझ्या तोंडाकडे बघत बसेल.

मामा : तोंडाकडे बघितलं तर बघू दे. विचारेल, आणि विचारलं की शिकेल. चिलखत हा शब्द आला कुठून, हे तरी कुणी विचारतं का? फार्सीत चिहिल म्हणजे चाळीस. चाळीस दिवसांच्या अनुष्ठानाला फकीर चिल्ला म्हणतात, तोच हा चिहिल. अबुल फजलनं आईन-इ-अकबरीत बादशाही शस्त्रागाराची किमतींसकट यादी दिली आहे. तिच्यात जिरह आहे, बगतर आहे, जोशन आहे, चारआईना आहे, आणि चिहिलकद आहे. हे चिहिलकद घासून घासून आपल्याकडं चिलखत झालं. म्हणजे ज्यांच्याशी लढलो त्यांच्याच कोठारातला शब्द आपण आपल्या राजाच्या अंगावर चढवतो.

भाची : चाळीस काय पण? चाळीस कड्या? चाळीस पत्रे?

मामा : चाळीस म्हणजे पुष्कळ. इस्फहानला चिहिल-सुतून नावाचा महाल आहे, चाळीस खांबांचा. खांब आहेत वीस. समोरच्या हौदात त्यांचं प्रतिबिंब पडतं आणि चाळीस होतात. चाळीस हा त्यांच्याकडचा ‘ढीगभर’. ढीगभर पदरांचं अंगावरचं वस्त्र, असा अर्थ मी लावतो.

भाची : मग मामा, तुम्हीच माझी बाजू घेताय. पदर कशाचे असतात? कापडाचे. चाळीस पदर लोखंडाचे घातले तर घोडा बसेल. त्या काळी चिलता म्हणून एक डगला असायचा, थरावर थर देऊन शिवलेला आणि वर पितळी खिळे ठोकलेला. त्याच्याही नावात हेच चाळीस आहेत. या शब्दाचा जन्म लोहाराच्या भट्टीत झालेला नाही, शिंप्याच्या मांडीवर झालाय. म्हणून मला तो जवळचा वाटतो.

हे बोलताना तिनं पिशवीतून छातीचा तुकडा काढला. वरून चंदेरी जाळी दिसते ती जाड सुतळीचं सैल विणकाम आहे. त्यावर रंगाचा फवारा मारलाय. नाटकातली चिलखतं बहुधा अशीच करतात. खरी पोलादी जाळी घालून नटाला तीन अंक उभं राहवणार नाही. तिनं जाळी बाजूला सारली. आत कोऱ्या मांजरपाटाचे थर, मधे कापूस, आणि वरपासून खालपर्यंत बोटाबोटाच्या अंतरानं धावदोरा. गोधडीला घालतात तसाच, फक्त टाके जास्त दाट आणि दोरा मेण लावून ओढलेला. मामांनी त्यावर अंगठा दाबून पाहिला. अंगठा रुतला आणि थांबला.

भाची : हेच खरं काम करतं, मामा. जाळीनं तलवारीची धार अडते, पण घावाचा दणका अडत नाही. नुसती जाळी घालून वार घेतला तर कातडी शाबूत राहील आणि बरगडी मोडेल. प्रत्येक कडी शेजारच्या चार कड्यांत अडकलेली असते, त्यामुळं वाराचा जोर पसरतो. तरी तो पुढं कशात तरी जिरायला हवा ना? तो या कापसात जिरतो. आपल्याकडच्या उन्हात नुसतं पोलाद तर मार्च महिन्यात अंगावर ठेववणार नाही. गरीब शिपायाकडं जाळी नसेच, शिवलेला जाड डगला असला तर असे. बाण आणि उडता वार त्यानंही झेलता येतो.

मामा : यातलं नवं काही नाही, बाळा. कौटिल्यानं आयुधागाराच्या अध्यक्षाची कामं सांगताना कवचांचे प्रकार दिलेत. लोहजालिका, म्हणजे तुझी लोखंडी जाळी. आणि सूत्रकंकट, म्हणजे सुताचं कवच. चामड्याची आहेत, खुरांची आणि शिंगांचीही आहेत. अकबराच्या कितीतरी शतकं आधी आपल्याकडं सुताचं कवचही होतं आणि त्याला शब्दही होता. अमरकोशात तर ओळीनं नावं दिलीत : तनुत्र, वर्म, दंशन, उरश्छद, कंकटक, कवच. इतका ऐवज घरात असताना उसनवारी कशाला?

मामांचा हा प्रश्न सहज बाजूला सारण्यासारखा नाही. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो याच विचारानं. दरबारात आणि दफ्तरात रुळलेल्या फार्सी शब्दांना संस्कृत पर्याय देणाऱ्या या कोशाचे दहा वर्ग आहेत आणि त्यांतला एक शस्त्रवर्ग आहे. राज्य स्वतःचं झालं की हत्यारांची नावंही स्वतःची असावीत, असं वाटणं फार स्वाभाविक आहे. त्यामागं सत्तेची जाण आहे. भाचीला हे मान्य नव्हतं असं नाही. तिचा आक्षेप वेगळा होता.

भाची : कोश झाला, पण लोक काय बोलत राहिले? सभासदाची बखर राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला लिहिली गेली. तिच्यात अफजलखानाच्या भेटीच्या वेळी महाराजांच्या अंगात ‘जरीची कुडती’ आहे. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा भरजरी कापडच डोळ्यांपुढं आलं, पोशाख शिवणारी ना मी. पण बखरकार पुढं सांगतो की खानाचं हत्यार त्या कुडतीवर खरखरलं आणि अंगाला लागलं नाही. मामा, जरीवर हत्यार खरखरतं का? जर म्हणजे सोन्या-चांदीची तार रेशमावर गुंडाळलेली. धारेपुढं ती उसवेल. खरखर ऐकू यायला खाली पोलाद हवं.

मामा : जरी नव्हे, जिरह. जिरह म्हणजे कड्यांची जाळी. जिरेटोपातलं जिरे तेच. टोपाला मागं आणि कानांवर कड्यांची झालर असते, मान वाचावी म्हणून. आता जिरेटोप म्हटलं की लोकांना मखमल आणि मोत्यांचा तुरा दिसतो. तुझं म्हणणं मला पटतं. जिरहची कुडती, म्हणजे चिलखतच.

भाची : मग बघा. तुम्हाला फार्सी येत नसतं तर ती कुडती जरीचीच राहिली असती. जीव वाचवणारं पोलाद आपण शोभेचं कापड म्हणून वाचलं असतं. उसना शब्द फेकून दिला की त्याच्याबरोबर अशी एखादी गोष्ट जाते, आणि गेलेली कळतही नाही.

मामा थोडा वेळ गप्प राहिले. इथं भाचीनं काहीतरी मिळवलं असं मला वाटतं, आणि ते मामांच्याच ज्ञानाच्या जोरावर. मूळ शोधण्याचा छंद त्यांचा. त्या मुळाचा उपयोग मात्र तिनं वेगळ्या दिशेनं केला.

मामा : बरं, आता तू माझं एक ऐक. वर्म हा शब्द घे. ऋग्वेदाच्या सहाव्या मंडलात पंचाहत्तरावं सूक्त आहे, सगळं युद्धसाहित्याचं. धनुष्य, दोरी, भाता, रथ, घोडे, एकेकाची स्तुती. त्याची सुरुवातच वर्मानं होते. वर्म घालून रणात निघालेला वीर पावसाळी ढगासारखा दिसतो, असं ऋषी म्हणतो. काळाभोर, भरलेला, चालत येणारा. लोखंड अंगावर घेतलेल्या माणसाचं याहून नेमकं वर्णन मी वाचलेलं नाही. राजांच्या नावापुढं वर्मा लागतो तो यातूनच. रुद्र म्हणताना शंकराला जे नमस्कार घालतो आपण, त्यांत कवच घातलेल्याला आणि वर्म घातलेल्याला नमस्कार आहेत. महादेवाच्या देवळात अजून रोज हे म्हटलं जातं. हा शब्द मेलेला नाही.

भाची : पण मामा, मराठीत वर्म म्हणजे बरोबर उलटं! वर्मावर बोट ठेवलं, घाव वर्मी बसला. जिथं कवच नाही, जिथं लागलं की माणूस कोसळतो, ती जागा म्हणजे वर्म.

मामा : ते वर्म मर्मापासून आलंय. म आणि व यांची अदलाबदल मराठीला नवी नाही. ग्रामाचं गाव झालं, नामाचं नाव झालं, तसं मर्माचं वर्म.

भाची : म्हणजे शुद्ध संस्कृत शब्द प्रदर्शनात लावला, ‘वर्म’ असं लिहिलं, तर मराठी पोर त्याचा अर्थ छातीवरचा उघडा भाग असा घेईल. चूक पोराची आहे का?

मामा : नाही. पोराची नाही. म्हणूनच मी वर्म लिही म्हणालो नाही, उरस्त्राण म्हणालो.

या दोन वर्मांवर मी बराच विचार केला आहे. संस्कृतात छाती झाकणारं ते वर्म आणि मराठीत छातीतली उघडी पडलेली जागा ती वर्म, हा योगायोग उच्चाराचा आहे, अर्थाचा नाही. पण मराठी माणसानं एकदा तो उच्चार उघड्या जागेला दिला आणि झाकणाऱ्या वस्तूला चिलखत, बख्तर, कवच अशी नावं ठेवली, तेव्हा त्याच्या भाषेची घडण ठरून गेली. ती मोडून जुन्या जागी नेणं आता कुणाच्या हातात नाही.

भाची : आणखी एक सांगते, हा शब्द माझ्या धंद्यातला आहे. कंचुक. तुमच्या कौटिल्याच्या यादीत आहे ना तो?

मामा : आहे. शिरस्त्राण, कंठत्राण, कूर्पास, कंचुक, पुढं नागोदरिकाही आहे. सगळी अंगावर चढवायची रक्षणं.

भाची : आणि मराठीत कंचुकी म्हणजे चोळी. कूर्पासकही संस्कृत काव्यात बायकांच्या चोळीला येतो, असं तुम्हीच मला शिकवलंय. सैनिकाच्या छातीवरचं कवच उतरलं आणि बाईच्या छातीवर चोळी होऊन बसलं. नाव तेच. तिकडं फ्रान्समध्येही असंच काहीतरी झालंय. बाहू वाचवणाऱ्या सैनिकी पट्ट्याचं नाव फिरत फिरत ब्रेसियरपर्यंत आलं. मला यात काही कमीपणा वाटत नाही. अंगाला घट्ट बसणारं, बंदांनी आवळायचं, छातीवर दुहेरी येणारं वस्त्र बेतायचं म्हणजे कसब एकच लागतं. कवच शिवणाऱ्याचे आणि चोळी शिवणाऱ्याचे हात सारखेच चालतात. अंगरखा घ्या. नावातच अंगाची राखण आहे. आईनच्या त्याच यादीत अंगरखा आहे, कवचावरून घालायचा. आज लग्नात नवरदेव घालतो.

मामा : शब्द लोखंडातून कापडात उतरतो, हे खरं. उलटंही होतं. ग्रीक भाषेत थोरॅक्स म्हणजे आधी छातीचं कवच. नंतर वैद्यांनी छातीलाच तो शब्द लावला, आणि आता डॉक्टर क्ष-किरणाच्या कागदावर लिहितात ते थोरॅक्स म्हणजे आपली छाती. झाकणाऱ्याचं नाव झाकलेल्याला मिळालं. युरोपात क्युरास म्हणतात त्याचं मूळ चामडं. पुढं तो पोलादाचा झाला, तरी नावात चामडं राहिलंच.

भाची : मग त्यांनी तो बदलला का? पोलादाचा झाला म्हणून नवा शुद्ध शब्द केला का?

मामा : नाही केला. पण बाळा, कवच या शब्दाचं एक आहे. तो लोखंडात अडकून राहिला नाही. कर्णाचं कवच जन्माबरोबर अंगाला आलेलं. इंद्रानं मागितलं तेव्हा त्यानं ते स्वतःच्या हातानं अंगावरून कापून दिलं. ते काही पत्र्याचं नव्हतं, त्वचाच होती. सप्तशतीच्या आधी देवीकवच म्हणतात, मग अर्गला, मग कीलक. आपली आजी रोज म्हणायची. डोकं, डोळे, कंठ, छाती, एकेका अवयवाला देवीच्या एकेका रूपाच्या हवाली करायची. त्या ऋग्वेदसूक्ताच्या शेवटीही ऋषी म्हणतो की मंत्र हे माझं आतलं वर्म आहे. बाहेर लोखंड आणि आत शब्द. कासवाच्या पाठीला आपण कवच म्हणतो, अंड्याच्या टरफलालाही म्हणतो, रेल्वेनं गाड्यांची टक्कर टाळणाऱ्या यंत्रणेला हेच नाव दिलं, विम्यालाही कवच म्हणतात. हे चिलखत या शब्दाला कधी जमेल का?

भाची : नाही जमणार. विमा-चिलखत कुणी म्हणणार नाही. पण म्हणूनच तर तो मला हवाय. कवच कशालाही चालतं. चिलखत एकाच वस्तूला चालतं. प्रदर्शनात एकच वस्तू ठेवायची आहे.

भाचीचं हे म्हणणं मला या वादातलं सगळ्यात वजनदार वाटतं. आपण या शब्दांना समानार्थी म्हणून शिकवतो. चिलखत म्हणजे कवच, कवच म्हणजे बख्तर, असं पोरं पाठ करतात. पण कड्यांची जाळी ती जिरह. जाळीत पोलादी पट्ट्या बसवून होतं ते बख्तर. आजही लष्कराच्या पत्रे ठोकलेल्या गाडीला आपण बख्तरबंद गाडी म्हणतो. चारआईना म्हणजे चार आरसे : छातीवर एक, पाठीवर एक, दोन कुशींना दोन, घासून लखलखीत केलेले पत्रे, आणि बाजूच्या दोहोंना काखेशी हातासाठी कोर काढलेली. हे सगळं ज्याला एकच वाटतं त्याला ती वस्तू कधी दिसलेलीच नाही.

मामा : तरी खर्ड्यापुरतं माझं म्हणणं राहतंच. ही लढाई आपली होती. पेशव्यांच्या झेंड्याखाली सगळे सरदार एकत्र आले, अशी ती शेवटचीच. शिंदे आले, होळकर आले, नागपूरकर भोसले आले, परशुरामभाऊ पटवर्धन सेनापती. आणि त्या दिवसाच्या नायकाच्या छातीवर आपण परका शब्द टांगायचा?

भाची : मामा, खर्ड्याइतकं सरमिसळ गाव शोधून सापडायचं नाही. किल्ला कुणी बांधला? निंबाळकरांनी. मराठा सरदार, पण चाकरी निजामाची. लढाईत निजाम अली मागं हटला आणि आसऱ्याला शिरला तो याच किल्ल्यात. मराठा सरदारानं बांधलेल्या भुईकोटात निजाम कोंडला गेला आणि बाहेरून मराठ्यांनी वेढा दिला. निजामाकडच्या कवायती पलटणी फ्रेंच रेमंडच्या, शिंद्यांच्या पलटणी फ्रेंच पेरॉंच्या. निजामाच्या बाजूला बायकांचीही पलटण होती, जफर पलटण, लाल कोट घातलेली. आपल्या बाजूनं भोसल्यांच्या लोकांनी बाण सोडले. बाण म्हणजे धनुष्याचे नव्हेत, दारू ठासलेले अग्निबाण, पण नाव जुनंच चाललं. कुठली रेघ ओढून तुम्ही आपलं आणि परकं वेगळं करणार?

मामा : लालखानाची गोष्ट सांगू का तुला? इतिहासकार ग्रँट डफनं लिहिली आहे. परशुरामभाऊ पुढं टेहळणीला गेले होते. लालखानाच्या पठाण तुकडीनं हल्ला केला. त्यानं स्वतःच्या हातानं आडवे आले त्यांना कापलं, भाऊंना घोड्यावरून खाली पाडलं, जबर जखमी केलं. भाऊंचे चिरंजीव हरिपंत यांनी बापाला पडताना पाहिलं आणि तिथंच लालखानाला मारलं. छातीला छाती भिडते म्हणतात ती अशी. मराठीत शूराला निधड्या छातीचा म्हणतात. छातीचा कोट केला म्हणतात. छातीवर काय घातलं होतं हे सांगत नाहीत, कारण आपली शौर्याची कल्पना उघड्या छातीची आहे. झटपट घोड्यावर चढायचं, हलकं राहायचं, वाऱ्यासारखं यायचं आणि जायचं. जड लोखंडात गुरफटलेली फौज आपण कित्येकदा दमवून मारली.

भाची : हे मला पटत नाही मामा, आणि हे मी रागानं सांगते. उघडी छाती हा शौर्याचा प्रकार नव्हता, तो पुष्कळदा पैशाचा प्रश्न होता. शिलेदार स्वतःचा घोडा, स्वतःची हत्यारं आणायचा. त्याच्याकडं ऐपत असली तर चिलखत. बारगीर सरकारी घोड्यावर. त्याला कोण चिलखत देणार? ज्याला मिळालं त्यानं घातलं. महाराजांनीसुद्धा घातलं. १० नोव्हेंबर १६५९ ला ते चिलखत घालून गेले म्हणून परत आले, आणि त्यात कमीपणा कुणाला वाटला नाही. आज आपण भाषणांत निधडी छाती म्हणतो आणि बंदोबस्तावरच्या शिपायाला नुसता शर्ट देतो.

मामा : २००८ म्हणतेस?

भाची : तेही. २६ नोव्हेंबरच्या रात्री मुंबईवर हल्ला झाला तेव्हा पोलीस अधिकारी हेमंत करकरे हेल्मेट आणि जॅकेट चढवताना सगळ्यांनी टीव्हीवर पाहिले. त्या रात्री ते गेले, अशोक कामटे गेले, विजय साळसकर गेले. नंतर जॅकेटच्या दर्जावरून केवढा वाद झाला. आणि गिरगाव चौपाटीला तुकाराम ओंबळे. हातात काठी. त्यांनी हल्लेखोर कसाबच्या बंदुकीची नळी धरली आणि गोळ्या स्वतःच्या अंगावर घेतल्या. त्यांना अशोकचक्र मिळालं, ते मिळायलाच हवं होतं. पण त्यांच्या छातीवर काही असतं तर, हा प्रश्न मला पुरस्काराच्या आधी सुचतो.

मामांनी यावर लगेच काही म्हटलं नाही. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले :

मामा : त्या जॅकेटला तू काय म्हणशील? तिथं तरी कवच म्हणशील की नाही? बुलेटप्रूफ काय म्हणायचं ते.

भाची : बुलेटप्रूफ हा शब्द तर खोटाच आहे. सगळ्या गोळ्या अडवणारं काही नसतं. भारतीय मानक ब्यूरोनं २०१८ साली या जॅकेटांसाठी मानक काढलं, त्यात गोळीला रोधणारं असं म्हटलंय, अभेद्य म्हटलेलं नाही. कोणत्या बंदुकीची कोणती गोळी किती अंतरावरून, याच्या पायऱ्या ठरवल्यात. आणि मामा, आतली रचना माहीत आहे का? बाहेर कडक पत्रा, बहुतेक चिनीमातीच्या जातीचा, गोळीचं टोक मोडायला. आत मजबूत धाग्याच्या कापडाचे थर, उरलेला जोर पसरवायला. कडक थर वर, मऊ थर आत.

मामा : म्हणजे ही तुझी जाळी आणि मांजरपाट.

भाची : तेच. चिहिल. थरावर थर.

मामा : आणि शिपाई त्याला काय म्हणतात?

भाची : जॅकेट. नुसतं जॅकेट. ‘जॅकेट आलं का’, ‘जॅकेट घाल’.

मामा : मग एक कर. प्रदर्शनात तीन वस्तू ठेव, एक नको. हा तुझा सुती छातीचा तुकडा जाळीसकट. त्याखाली चिलखत लिही, आणि कंसात चिहिल म्हणजे चाळीस हेही लिही, कारण ते मला आवडलंय. पुठ्ठ्याचा चारआईना करता येईल तुला? चार पत्रे, चंदेरी कागदाचे. त्याखाली चारआईना लिही, दुसरं काही नको. आणि पोलिसाच्या जॅकेटचा फोटो लाव.

भाची : आणि उरस्त्राण?

मामा : ते वर, सगळ्या भिंतीच्या माथ्यावर. छाती राखणारी सगळी साधनं, अशा अर्थानं. तिथं तो शब्द कुणाची जागा घेत नाही. कवच खाली ठेवू नको. ते मी मुलांना तोंडी सांगेन, कर्णापासून.

भाची : माथ्यावर चालेल. पण जिरेटोपही आणायचा मामा, आणि त्याच्या पट्टीवर जिरे म्हणजे काय ते लिहायचं. मखमलीचा नको. टोपाला मागं सुतळीची जाळी मी विणून देते, मानेपर्यंत येईल अशी.

मामा : किती दिवस लागतील?

भाची : जाळी दोन रात्रींत होईल. चारआईन्याला काखेतली कोर नीट कापावी लागते, नाहीतर हात वर होत नाही. सरदार होणाऱ्या पोराला तलवार उगारायची आहे.